सव्वा मूठ

“भांडणाचं कारण?”

हवालदार रतिलाल यांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा चंदनला खोकला आला होता. तो खोकला अगदीच खोटा होता, आणि हवालदारांनी आयुष्यात असले खोकले पुष्कळ ऐकले असावेत, कारण त्यांनी पाणी वगैरे काही न विचारता पेन तसंच धरून ठेवलं.

शेजारच्या खुर्चीवर प्रशील होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, खालचा ओठ सुजलेला. त्यानं स्वतःचं नाव स्वच्छ सांगितलं होतं. प्रशील बन्सीलाल तायडे, मूळचा दीपनगरचा, जळगावात एका खासगी दवाखान्यात ब्रदर. मारणाऱ्याचंही नाव सांगितलं होतं. अभिमन, धुळ्यात मोबाइलचं दुकान. काल दोन जणांना सोबत घेऊन आला, इमारतीच्या जिन्याखाली गाठलं, सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या आणि हात पिरगाळून मोडला. इथवर सगळं झालं. कारण मात्र चंदननं सांगायचं, असं घरून ठरवून निघाले होते. अभिमन हा चंदनचा सख्खा चुलतभाऊ.

“गाडी लावण्यावरून,” चंदन म्हणाला.

प्रशीलनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चंदन टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिला.

“हे बघा,” रतिलाल म्हणाले, “गाडीवरून झालं असं लिहिलं, तर उद्या तोही येईल तक्रार घेऊन, की यांनीच आधी हात उचलला. आणि हे तीन महिन्यांचे मेसेज दाखवताय, ते गाडीच्या भांडणात कुठं बसवू मी?” मग त्यांनी दोघांना नीट न्याहाळलं. “तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?”

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेल्या शिपायाची बोटं थांबली.

“रूम पार्टनर,” चंदन म्हणाला.

प्रशील उठला. “साहेब, मी सही करत नाही. ज्याच्यासाठी हात मोडला ते कागदावर नसेल, तर मला तो कागद नको.”

बाहेर उन्हात रिक्षा थांबवून तो म्हणाला, “अभिमननं मला जिन्याखाली मारलं, चंदन. तू आत मला पुसून टाकलंस.” मग रिक्षावाल्याला स्टँड म्हणाला आणि आईवडिलांकडे दीपनगरला निघून गेला. चंदनला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की त्याला हाक मारायला तोंड उघडेना.

आता हे सगळं सुरू कुठून झालं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी कानबाईच्या रोटांबद्दल चार शब्द सांगणं भाग आहे. खानदेशातल्या माणसांनी हा परिच्छेद खुशाल सोडावा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते. आदल्या दिवशी भाऊबंद एकत्र जमतात आणि घरातल्या एकेका माणसाचं नाव पुकारून सव्वा सव्वा मूठ गहू टाकतात. चक्कीवाला चक्की धुऊन ठेवतो, त्यावर ते दळण होतं, त्याच पिठाचे रोट. ते खायचे फक्त घरच्यांनी. जिवलग मित्र असो की दारी आलेला पाहुणा, त्याला पुरणपोळी वाढा, रोट नाही. इतकं सांभाळतात की रोटाच्या ताटात हात धुतलेलं पाणीसुद्धा बाहेर न फेकता खड्ड्यात ओततात.

गेल्या वर्षी चंदननं शिंदखेड्याहून डब्यातून रोट आणला आणि जळगावच्या खोलीत प्रशीलच्या ताटात वाढला. प्रशील बौद्ध घरचा, देवाधर्माच्या पदार्थांपासून चार हात लांब. तो म्हणाला, “देवाचा असेल तर नको, तुझ्या आईचा असेल तर दे.” चंदनला ते इतकं आवडलं की त्यानं ताटाचा फोटो काढून मोबाइलवर स्टेटसला ठेवला. रोट, खीर, आणि रोट मोडणारा प्रशीलचा उजवा हात, मनगटावर निळ्या पट्ट्याचं घड्याळ. खाली लिहिलं, ‘घरचं’.

जगातल्या कुठल्याही माणसानं तो फोटो पाहून जेवणाचा फोटो म्हणून सोडून दिला असता. पण पाहणारा भाऊबंद होता. मित्राच्या ताटात रोट जात नाही, हे अभिमन लहानपणापासून जाणत होता. निळ्या पट्ट्याचं घड्याळ कुणाचं हेही त्याला ठाऊक होतं, कारण जळगावला आला की तो यांच्याच खोलीवर उतरायचा. इतकी वर्षं दोघांनी गाद्या लांब टाकून, शेजाऱ्यांच्या लग्नाच्या चौकशा हसण्यावारी नेऊन जे जपलं, ते चंदननं आपल्या हातानं, तेही आनंदाच्या भरात, उघड्यावर मांडलं.

अभिमननं काही महिने गप्प राहून खात्री केली. मग मेसेज सुरू झाले, मग आवाजी निरोपांतून शिव्या. ते शब्द इथं लिहीत नाही. ते शब्द पोसणारी तोंडं गावोगाव आहेत, त्यांना आणखी एक घर मी कशाला देऊ? चंदन ते ऐकायचा आणि लगेच पुसून टाकायचा. मोबाइल पालथा ठेवायचा, गॅलरीत उभं राहणं सोडलं, कामावर जायचा रस्ता बदलला. आपण गप्प राहिलो की समोरचा दमेल, असं त्याचं गणित होतं. प्रशील मात्र आलेला प्रत्येक मेसेज जपून ठेवायचा. “तू त्याचे पुरावे पुसतोयस,” तो म्हणायचा. त्यावरून त्यांची दोनदा कडाक्याची भांडणं झाली होती.

चंदनला भीती अभिमनची नव्हती, भीती होती वडिलांची. लीलाधरनाना शिंदखेडा तालुक्यातले कापसाचे शेतकरी, शब्दाला वजन असलेला माणूस. बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं ते सोडलंच, भाऊ वारला तेव्हाच त्याचा उंबरा ओलांडला. त्या भावाचा मुलगा म्हणजे अभिमन. मेलेल्या भावाशी न बोलल्याची सगळी टोचणी नानांनी या पोरावर जीव लावून फेडली होती. असा माणूस आपल्याशी बोलायचं सोडेल, आणि आपल्यालाही मेल्यावरच भेटायला येईल, ही ती भीती.

रिक्षा दिसेनाशी झाली आणि खिशातला फोन वाजला. अभिमनच होता.

“चंदनभाऊ, उद्या मुठी टाकानं शे. येशी ना? तू नही उना तरी मी बठ्ठासमोर इचारसू.”

आला नाहीस तरी सगळ्यांसमोर विचारणार, ही सरळ धमकी होती. रात्रभर चंदनच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळची पहिली धुळे गाडी पकडली. पारोळ्यापर्यंत तो काय काय खोटं सांगता येईल ते जुळवत होता, धुळ्याला गाडी बदलेपर्यंत त्याच्याजवळ तीन चांगली खोटी उत्तरं तयार होती. एकापेक्षा एक सरस. हुशार माणसाला भीती वाटली की तो असाच हुशारीनं बुडतो.

घरी ओटा सारवून झाला होता. मधोमध नवं सूप, बाजूला गव्हाची पाटी. नाना खांबाला टेकून बसलेले. भाऊबंदांत वडीलधारे म्हणून चुडामणआबा नावं पुकारायला आलेले. अभिमन पांढराशुभ्र शर्ट घालून, घरचाच लाडका पोर असल्यासारखा, आबांना पाणी देत होता. चंदनला पाहून तो हसला.

“ये भाऊ,” आई सुनंदाबाई म्हणाल्या. “डोया काबर लाल शेतस?”

“गाडीमा धूळ व्हती, माय,” चंदन म्हणाला. दिवसाचं पहिलं खोटं सहज निघालं.

आबांनी सुरुवात केली. “लीलाधर.” सुनंदाबाईंनी पाटीतून मूठ भरली, सुपात सोडली, वर चिमूटभर जास्तीचे टाकले. “सुनंदा.” स्वतःच्या नावाची मूठ त्यांनी जरा लहानच घेतली, बायका घेतात तशी. “चंदन.”

त्यांची मूठ भरली, आणि अभिमन बोलला.

“थांब काकू. आबा, चंदनना नावनी मूठ टाकाना पह्यले त्याले एक इचारा. गये वरीस आपला रोट यानी कोणले दिन्हा?”

 सुनंदाबाईंची मूठ पाटीवरच अडली.

“रोट?” आबा म्हणाले. “बाहेरना माणूसले?”

नानांनी खांबाची पाठ सोडली. “चंदन. दिन्हा का तू?”

तयार केलेली तिन्ही उत्तरं चंदनच्या जिभेवर होती. डबा गाडीत सांडला म्हणता आलं असतं. फोटो जुना होता म्हणता आलं असतं. मित्र आजारी होता, चुकून वाढला गेला, असं म्हणून आबांचे पाय धरून माफी मागितली असती तर तासाभरात सगळं मिटलं असतं, आणि अभिमनला पुढच्या वेळी आणखी एक हाड मोडायची मुभा मिळाली असती. चंदनला कालचं टेबल आठवलं, पेपरवेट आठवलं, उठून गेलेला प्रशील आठवला.  

“दिन्हा,” तो म्हणाला. “पन बाहेरना माणूसले नही. तो मन्हा घरना शे.”

“घरना म्हंजे?” नानांचा आवाज बारीक झाला होता.

“नाना, तुमले जशी माय, तसा माले तो.”

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, छत कोसळेल. तसं काही झालं नाही. पाटीजवळ एक चिमणी आली आणि उडाली.

अभिमन टाळी वाजवून हसला. “आयकं आबा? मी तेच मिटाडाले गयथू जयगावले.”

“आणि यानी त्याना हात मोडा,” चंदन म्हणाला. आता आवाज आपोआप चढला. “तीन महिना शिव्या दिन्ह्यात. परवा दोन जन लयात, आनि जिनाखाले त्याना उजवा हात मोडा.”

सुनंदाबाईंनी मान वर केली. “कोणना? डॉक्टरना?”

प्रशीलला त्या डॉक्टरच म्हणत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्या जळगावला पोराच्या खोलीवर राहिल्या होत्या. तेव्हा दिवसातून चार वेळा, ड्यूटीवरून धावत येऊन, प्रशीलनं त्यांच्या डोळ्यात औषध घातलं होतं. डोळ्याची पट्टी निघाल्यावर बाईंनी त्या खोलीत काय काय पाहिलं, आणि गेल्या वर्षीच्या फोटोतलं घड्याळ ओळखलं की नाही, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. विचारायची छाती तेव्हा चंदनलाही झाली नव्हती.

“ज्या हातवरी मन्हा डोयामा दवा टाकी,” त्या म्हणाल्या, “तो हात?”

“काकू, तुम्हना घरनी इज्जतकरता…” अभिमन सावरून बोलू लागला.

“तू गप ऱ्हाय.”

सुनंदाबाईंनी चंदनच्या नावाची मूठ सुपात सोडली. वरची चिमूटही टाकली. मग कुणी पुकारायची वाट न पाहता दुसरी मूठ भरली. “अभिमन,” त्या स्वतःच म्हणाल्या, आणि तीही सोडली. चंदनला ते पाहून आतून चर्र झालं. अभिमनच्या चेहऱ्यावर हसू परतलं. ते फार टिकलं नाही.

“दोन्ही घरना शेतस, मूठ दोन्हीसनी पडी,” त्या म्हणाल्या. “आते चंदन, तू पोलिसमा जाय. घरना शे म्हनीसन मी मूठ टाकी. हात मोडा म्हनीसन तू नाव दे.”

“सुनंदा!” आबा ओरडले. “भाऊबंदमा पोलिस?”

“भाऊबंदनी हात मोडा, तव्हय कोणले इचारं?”

आबा नानांकडे पाहू लागले. सगळेच पाहू लागले. नाना उठले. त्यांनी चंदनकडे पाहिलं नाही, अभिमनकडेही पाहिलं नाही. “मुठी थांबाडा,” एवढंच म्हणाले आणि मागच्या दारानं गोठ्याकडे निघून गेले. चंदनला फक्त त्यांची पाठ दिसली. बापाची ती पाठ त्यानं काकांच्या बाबतीत लहानपणी पाहिली होती, आज ती त्याच्याकडे वळली होती. त्याला रडू आलं, आणि अभिमनसमोर ते येऊ नये म्हणून तो तसाच, चहा न घेता, स्टँडकडे चालू लागला.

गाडीतून त्यानं प्रशीलला फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला, तेच. मग त्यानं आवाजी निरोप पाठवला, “मी पोलीस ठाण्यात चाललोय. घरी सांगितलंय. तू आला नाहीस तरी मी माझा जबाब देणार आहे.” निरोप ऐकला गेल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. धुळे ते जळगाव तो दर दोन मिनिटांनी फोन बघत राहिला.

ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर प्रशील बसला होता. सोबत त्याचे वडील, इस्त्रीचा शर्ट घातलेले, पोराच्या प्लास्टरखाली आपला हात आधाराला धरून. चंदनला पाहून बन्सीलाल बाकावर थोडे सरकले आणि जागा करून दिली. प्रशील उठून आत निघाला, मागोमाग हे दोघं.

“बोला,” रतिलाल म्हणाले. “भांडणाचं कारण?”

“भांडण झालंच नाही,” चंदन म्हणाला. “त्यानं मारलं. मी आणि प्रशील जोडीदार आहोत. दोघं पुरुष आहोत आणि संसार करतो, हे त्याला सहन झालं नाही. काल मी खोटं सांगितलं. भीती वाटत होती.”

कोपऱ्यातला शिपाई फसकन हसला. रतिलालनी वळून बघितलं. “हसायला काय झालं रे? हाड मोडलंय माणसाचं. जा, चहा सांग बाहेर.” शिपाई गेला. रतिलाल लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे सगळा जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. शेजारच्या टेबलावर मोटारसायकल चोरीची तक्रार द्यायला आलेलं एक कुटुंब होतं, त्यांनी सगळ्यांनी ऐकला. ‘जोडीदार’ हा शब्द आला तेव्हा त्यातल्या बाईनं पदर तोंडाला लावला. चंदनला जमिनीत शिरावंसं वाटलं. तरी तो मान वर ठेवून शेवटपर्यंत बसला.

“गुन्हा त्याचा आहे, तुमचा नाही,” रतिलाल म्हणाले. “तुमच्यासारख्यांवरचा तो जुना कायदा कोर्टानं कधीच काढला. पण कोर्टात हेच सगळं पुन्हा सांगावं लागेल. तेव्हा खोकू नका.”

प्रशीलच्या सुजलेल्या ओठाचा एक कोपरा हलला. कालपासून पहिल्यांदाच. उजव्या हातानं सही होईना, म्हणून शिक्क्याची शाई पुढं आली आणि त्यानं डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. अंगठा पुसायला काही नव्हतं. चंदननं आपला रुमाल काढला, क्षणभर घुटमळला, मग सगळ्यांदेखत त्याचा हात धरून अंगठा पुसला. प्रशीलनं हात काढून घेतला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ‘नाना’.

चंदनला तो न उचलता ठेवून द्यावा असं फार वाटलं. उचलला.

“नाव दिन्हं का?” नानांनी विचारलं.

“दिन्हं.”

“कारण काय लिखं?”

“खरं ते लिखं, नाना.”

पलीकडे नुसता श्वास. तुटलं, चंदनला वाटलं. आता हा माणूस आपल्याशी बोलायचा नाही.

“दुपारथीन दळण अडेल शे,” नाना म्हणाले. आवाज रागाचाच होता. “चक्कीवाला चक्की धुईसन वाट देखी ऱ्हायना. तुन्ही माय मूठ धरीसन बठेल शे. आबा सांगी सांगी थकनात, ती काय उठत नही.” मग म्हणाले, “त्या डॉक्टरनं नाव काय? डॉक्टर म्हनीसन मूठ टाकता येत नही. नाव लागस.”

 चंदननं फोन प्रशीलच्या कानाला लावला, आणि आपलाही कान तिथंच टेकवला.

“प्रशील,” प्रशील म्हणाला. मग सकाळपासून मनात घोकत असल्यासारखं, काल ठाण्यात सांगितलं होतं तसंच पूर्ण सांगितलं, “प्रशील बन्सीलाल तायडे.”

आडनाव ऐकून नाना पुन्हा थांबले. शेजारी बन्सीलालनी मान खाली घातली.

“घर येवानं नंतर देखसूत,” नाना म्हणाले. मग फोनपासून तोंड बाजूला करून त्यांनी ओट्याकडे पाहत नाव पुकारलं. पहिल्यांदा ‘परशील’ म्हणाले. ओट्यावरून सुनंदाबाईंनी काहीतरी विचारलं. नानांनी घसा खाकरला आणि दुसऱ्यांदा नीट पुकारलं.

सुपात गहू पडल्याचा आवाज फोनवर येत नाही. तरी दोघं फोनला कान लावून तसेच बसून राहिले.